सत्तर पानांचा पुडा



आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला आणि आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचनाला बसणे सुरू झाले. त्यातल्याच एका संध्याकाळी वाचन आटोपून घरी आलो, तर मोहल्ल्यातील एक ताई दोन लेकरांना घेऊन ओसरीत बसलेली. नवरा मिस्त्रीच्या हाताखाली कामाला जातो, ही रोवणीला, निंदणाला आणि उन्हाळ्यात तेंदूपत्त्याला. धाकटा मुलगा तिसरीत, थोरली मुलगी पाचवीत. मुलगा तिने पुढे केला. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मीही तिला बस म्हटले नाही, हे आधीच कबूल करून टाकतो.

"भाऊ, या पोट्ट्याचं काय करू सांगा," ताई म्हणाली. "रातभर हिशेब करत रायते. शाळेत मात्र मार खाऊन येते."

मग तिने फळीवरची हकीकत सांगितली. आपल्या भागात तेंदूचा पुडा सत्तर पानांचा असतो, हे अहेरी-आलापल्लीकडच्या वाचकांना सांगायला नको. हजार पुडे झाले की एक स्टँडर्ड बॅग, म्हणजे सत्तर हजार पाने. मे महिन्यात त्या दिवशी घरच्यांनी मिळून २४३ पुडे बांधले होते. फळीवर कोणीतरी सहज विचारले, की आज पाने किती तोडली असतील? मुन्शीने अजून मोबाईल काढला नव्हता तोच हा आठ वर्षांचा पोरगा म्हणाला, सतरा हजार दहा. मोबाईलनेही तेच सांगितले.

मी त्याला विचारले, कसे काढलेस? तो म्हणाला, "अडीचशे पुडे धरले. अडीचशे सत्तर साडेसतरा हजार. सात पुडे जास्त धरले होते, त्यायचे चारशे नव्वद काढून टाकले."

मी कारकून आहे, बी.कॉम. झालो आहे, आकड्यांवरच माझे पोट चालते. पण २४३ गुणिले ७० म्हटले की माझा हात अजून कागदाकडे जातो. या पोराला ही युक्ती कोणी शिकवली नव्हती. शाळेत तिसरीला अजून एवढे मोठे गुणाकार आलेही नव्हते. आणि शाळेत त्याला शून्य मिळत होते ते यासाठी, की उत्तर बरोबर असले तरी उभी मांडणी नसते, हातचा लिहिलेला नसतो. एकदा तर 'कोणाचे पाहून लिहिलेस?' म्हणून छडी खाल्ली.

हे ऐकताना मला बाबासाहेबांच्या चरित्रातला फळ्याचा प्रसंग आठवला. वर्गात एक उदाहरण सोडवायला मास्तरांनी भीमाला फळ्याजवळ बोलावले आणि वर्गात एकच कल्लोळ झाला, कारण फळ्यामागे इतर मुलांचे डबे ठेवलेले होते. आधी डबे बाजूला झाले, मग भीमाला फळ्याला हात लावता आला. तो फळा आज आपल्या लेकरांना मोकळा आहे. पण फळ्यापर्यंत गेलेल्या पोराने आपल्या रीतीने उत्तर काढले तर ते समजून घेणारे कोणी तिथे असते का, हा प्रश्न अजून शिल्लक आहे.

ताईला तोपर्यंत तीन सल्ले मिळाले होते. एकाने सांगितले, मण्यांच्या पाटीवर झटपट हिशेब शिकवणारा क्लास आहे, तिथे घाल. त्याची फी तिच्या नवऱ्याच्या दीड महिन्याच्या मजुरीएवढी. दुसऱ्याने सांगितले, एकदम पाचवीत बसव, दोन वर्षे वाचतील. तिसऱ्याने सांगितले, नागपूरला एखाद्या इंग्रजी शाळेत टाक, इथे राहून पोरगा वाया जाईल. तिने मला विचारले, गळ्यातली पोत मोडू का?

मी म्हटले, ताई, पोत राहू दे.

झटपट हिशेबाच्या क्लासबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ज्याला आकड्यांची भीती वाटते त्याला कदाचित त्याचा उपयोग होत असेल. या पोराला वेग कमी नव्हताच. त्याला भूक होती ती 'असे का होते?' या प्रश्नाची, आणि ती भूक भरभर मणी सरकवून भागत नाही. वर्ग ओलांडण्याचेही मला पटत नाही. आकड्यात तो पाचवीचा असेल, पण भाषेत, अक्षरात, खेळात आणि रडण्यात तो आठच वर्षांचा आहे.

हे शेवटचे मला कसे कळले तेही सांगितले पाहिजे. यंदाच्या १४ एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमात या पोराला स्टेजवर उभे करण्याची कल्पना माझीच होती. आपल्या समाजाचे रत्न लोकांनी पाहावे, या हौसेपोटी. माईक हातात दिला आणि समोरून कोणीही आकडे सांगावेत असे जाहीर केले. लोक ओरडून आकडे सांगू लागले, एकावर एक. पोरगा गप्प. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी आले, आणि मागून कोणीतरी हसले. पुढचे पंधरा दिवस त्याने वहीला हात लावला नाही, असे ताईने परवा सांगितले. तिने मला दोष दिला नाही, पण मी मान खाली घालून बसलो. पालकांनो, पाहुणे आले की 'अमक्याला तमक्याने गुण बरं' असे लेकराला सांगू नका. मी त्याचा परिणाम पाहिला आहे.

तर त्या संध्याकाळी मी त्याला काही न विचारता एक खेळ दाखवला. तो खेळ आपल्याच महाराष्ट्रातल्या एका शाळामास्तराचा आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे त्यांचे नाव. जन्म १९०५ चा, डहाणूचा. आई आठव्या वर्षी गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष आपण बाजूला ठेवू, पण त्या नादापायी घरात सतत आकडेमोड चाले आणि त्या पोराला आकड्यांची गोडी लागली ती तिथेच. १९२७ साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकत असताना त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. बी.एस्सी. झाले आणि १९३० ते १९६२ नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिकवत राहिले. पुढची मोठी पदवी नाही, मोठी नोकरी नाही. इथल्या अनेक विद्वानांनी त्यांचे काम म्हणजे पोरखेळ म्हणून हसण्यावारी नेले. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने आपल्या मासिकातील सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे जगाला हे नाव कळले. निवृत्तीनंतर पेन्शन पुरत नाही म्हणून हा माणूस शिकवण्या घेत होता. १९८६ साली वारले.

त्यांनी १९४९ साली शोधलेला खेळ असा. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. आपण धम्मदीक्षेचे साल घेऊ, १९५६. यातल्या अंकांची मोठ्यात मोठी संख्या करा, ९६५१. लहानात लहान करा, १५६९. वजा करा, आले ८०८२. आता याच अंकांशी पुन्हा तेच. ८८२० वजा ०२८८, आले ८५३२. पुन्हा तेच. ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आणि ६१७४ वर हाच प्रयोग केला, ७६४१ वजा १४६७, तर पुन्हा ६१७४ च! कोणत्याही संख्येपासून निघा, फार तर सात पावलांत तुम्ही ६१७४ या मुक्कामावर पोहोचता आणि तिथून पुढे हलत नाही. वजाबाकी करताना पुढे शून्य आले तर ते टाकायचे नाही, अंक चारच ठेवायचे.

पोरगा पालथा पडून लिहीत बसला. बाबासाहेबांचे जन्मसाल त्याने स्वतःहून घेतले, १८९१. ८६२२, ६३५४, ३०८७, ८३५२, ६१७४. पाच पावले. मग आईचे जन्मसाल, मग एसटीच्या पाटीवरचा नंबर. पाऊण तासात वजाबाकीची पन्नास उदाहरणे झाली असतील, आणि तीही हातचा घेऊन, उभ्या मांडणीत! जी मांडणी शाळेत छडीने होत नव्हती ती इथे आपोआप झाली, कारण इथे त्याला तिची गरज होती.

तो लिहीत होता तेव्हा त्याची थोडी विश्रांती म्हणून मी विचारले, बरे, एकपासून वीसपर्यंतच्या साऱ्या संख्या मिळवल्या तर किती? तो बोटावर मिळवू लागला. एक नि दोन तीन, तीन नि तीन सहा...

दाराकडून आवाज आला, "दोनशे दहा."

मी मान वर केली. थोरली. म्हटले, कसे गं? ती जरा लाजली आणि म्हणाली, "एक न् वीस एकवीस. दोन न् एकोणवीस एकवीस. दोन्ही टोकाकून धरत आलं की दहा जोड्या होते."

जर्मनीत गाऊस नावाचा थोर गणिती होऊन गेला, १७७७ सालचा जन्म. तो लहानपणी शाळेत असताना मास्तरांनी एकपासून शंभरपर्यंत बेरीज करायला दिली आणि त्याने याच युक्तीने ५०५० उत्तर क्षणात सांगितले, अशी गोष्ट सांगतात. ती गोष्ट मी भाषणात अनेकदा सांगितली आहे. आणि तीच युक्ती माझ्या घराच्या चौकटीला टेकून एक तास उभी होती.

मग हळूहळू कळले. पुड्यांचे अडीचशे धरून सात काढायचे, हेही धाकट्याला हिनेच दाखवले होते. ही घरी भाकरी थापते, पाणी भरते, धाकट्याला सांभाळते आणि सांभाळता सांभाळता हिशेब शिकवते. आईला ते ठाऊक होते, पण त्याला 'गणित येते' असे नाव तिने दिले नव्हते. "पोरीचं काय भाऊ, ते तर घरातच करते," ती म्हणाली. मी तिला काय बोलणार? मी स्वतः स्टेजवर उभे केले होते ते धाकट्यालाच.

आता खरी घाई धाकट्याची नव्हती, थोरलीची होती. ती पाचवीत. जवाहर नवोदय विद्यालयाची निवड परीक्षा पाचवीत असतानाच देता येते, आणि आयुष्यात एकदाच. ती संधी गेली की दुसऱ्यांदा बसू देत नाहीत. या शाळा १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून निघाल्या. आपल्या गडचिरोली जिल्ह्याची शाळा चामोर्शी तालुक्यात घोटला आहे, चंद्रपूर जिल्ह्याची तळोधी (बाळापूर) येथे. सहावीपासून राहणे, जेवण, पुस्तके फुकट. नववीपासून महिन्याला विकास निधी घेतात, पण अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना, सर्व मुलींना आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना तो माफ आहे. एक तृतीयांश जागा मुलींच्या. पेपर दोन तासांचा, १०० गुणांचा, ८० प्रश्न. त्यातले ४० प्रश्न बुद्धिमत्तेचे, २० अंकगणिताचे, २० भाषेचे. म्हणजे आमच्या थोरलीसारख्या पोरीला निम्म्याहून अधिक पेपर आपल्या घरचाच!

यात आपली माणसे अडकतात ती पेपरात नाही, कागदात. पंच्याहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांच्या असतात आणि त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील शाळेतच झालेली लागतात. अहेरी आता नगरपंचायत आहे. तेव्हा आपले लेकरू गावात मोडते की शहरात, हे फॉर्म भरण्याआधी मुख्याध्यापकांना विचारून घ्या, अंदाजाने खूण करू नका. दुसरे, जातीचा दाखला. १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून बौद्धांना केंद्राकडेही अनुसूचित जातीचा हक्क आहे. पण शाळा केंद्राची, म्हणून दाखला केंद्राच्या नमुन्यातला असावा. तो तहसीलला आयत्या वेळी मिळत नाही, हे मी कचेरीत बसून रोज पाहतो. निकाल लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा आजच अर्ज टाका. फॉर्म संगणकावर भरायचा असतो, पावसाळ्याच्या सुरुवातीला निघतो आणि शेवटच्या दोन दिवसांत सेवा केंद्रावर लाईन लागते, नेट जाते.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. ताई आणि मी शाळेत गेलो. भांडायला नाही, हे आधीच ठरवले होते. गुरुजींकडे दोन वर्ग एका खोलीत, त्यात जनगणना, निवडणूक आणि माहिती भरण्याची कामे. तेही थकलेले. मी धाकट्याची वही पुढे ठेवली, ६१७४ ची. गुरुजींनी आधी पाने उलटली, मग खिशातला पेन काढून स्वतःच एक संख्या करून पाहिली. दोन पावलांत हसले. ठरले ते असे, की पोरगा उत्तर आपल्या रीतीने काढील, पण कसे काढले ते दोन ओळींत लिहील. आणि त्याचे काम लवकर झाले तर त्याने इतरांसाठी एक नवे उदाहरण तयार करायचे, मस्ती करायची नाही. थोरलीच्या फॉर्मवर मुख्याध्यापकांची सही त्याच दिवशी झाली.

घरी काय करावे, हे ताईने विचारलेच. यात पैसा लागत नाही. बालभारतीची पुढच्या वर्गाची पुस्तके शेजारच्या पोरांकडून मिळतात. एकपासून शंभरपर्यंत आकडे लिहून दोनच्या, तीनच्या, पाचच्या, सातच्या पटी खोडायला लावा. मूळ संख्या तेवढ्या ठेवा आणि एक सोडून द्या, पंचवीस संख्या उरतील, कोणानेच न भागणाऱ्या. त्या का उरल्या, यावर आठवडाभर बोलता येते. कॅलेंडरवरचा कोणताही नऊ तारखांचा चौकोन घ्या, मधली तारीख गुणिले नऊ, तीच साऱ्यांची बेरीज. आजोबा-पणजोबांना पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ असे. ज्यांच्या घरी असा म्हातारा अजून आहे त्यांनी त्याला नातवाजवळ बसवा. साडेतीनाचा पाढा म्हणजे औटकी, हे आजच्या किती पदवीधरांना ठाऊक आहे? पुस्तक घ्यायचेच असेल तर मंगला नारळीकर यांचे 'गणितगप्पा' घ्या. या बाई गणितातल्या मोठ्या अभ्यासक, २०२३ साली गेल्या. साध्या मराठीत लिहीत. आमच्या विहाराच्या कपाटासाठी ते मागवायचे ठरले आहे.

पुढचेही थोडे सांगून ठेवतो, म्हणजे कात्रण जपून ठेवता येईल. राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा पूर्वी चौथी-सातवीला असे, २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला गेली, २०२५ साली ती पुन्हा चौथी-सातवीकडे नेण्याचा निर्णय झाला. तेव्हा आपल्या पाल्याचे वर्ष कोणते ते शाळेतून खात्री करून घ्या. पाचवी-सहावीच्या मुलांसाठी पुण्याचे भास्कराचार्य प्रतिष्ठान गणित प्रज्ञेची स्पर्धा घेते. तिचे जुने प्रश्न मिळाले तर सोडवायला द्या, ते घोकंपट्टीचे नसतात. आठवीत केंद्राची आर्थिक दुर्बल घटकांची शिष्यवृत्ती परीक्षा असते. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पालकांचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. आणि आठवीपासून पुढच्या मुलांना गणित ऑलिम्पियाडची वाट आहे, मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र त्यात मुख्य. मात्र ऑलिम्पियाड हे नाव लावून पहिलीपासून फी घेणाऱ्या खासगी परीक्षा वेगळ्या. मेडल सगळ्यांनाच मिळते तिथे.

भारताने जागतिक गणित ऑलिम्पियाडमध्ये पहिल्यांदा मुले पाठवली १९८९ साली. १९९६ साली ती स्पर्धा आपल्या मुंबईत भरली. त्या वर्षी मी दहावीत होतो, गणितात वर्गात पहिला. ही स्पर्धा असते हे मला, माझ्या वडिलांना, आमच्या शाळेत कोणालाही ठाऊक नव्हते. मला तो शब्द कळला वयाच्या पस्तिशीनंतर. जवळच्या कॉलेजात कॉमर्स होते म्हणून कॉमर्स केले. तक्रार नाही, नोकरी आहे, घर चालते. पण बाबासाहेबांना मॅट्रिकच्या वयात चर्नी रोडच्या बागेत कृष्णराव अर्जुन केळुस्कर गुरुजी भेटले, त्यांनी वाचायला पुस्तके दिली, पुढे सयाजीराव महाराजांपर्यंत नेले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. केळुस्करांना रस्ता माहीत होता आणि तो त्यांनी दाखवला. आपल्या मोहल्ल्यात शिकलेली, नोकरीतली माणसे आता काही कमी नाहीत. आम्ही जयंतीची वर्गणी गोळा करतो, पण मोहल्ल्यातली कोणती लेकरे यंदा पाचवीत आहेत याची यादी आमच्याकडे नव्हती. आता केली. आमच्या एका मोहल्ल्यात अकरा निघाली, त्यातल्या सात मुली. सातांपैकी चौघींच्या घरी नवोदयचे नाव कोणी ऐकले नव्हते.

ताईची मोठी भीती मात्र वेगळी होती, आणि ती तिने फॉर्म भरून झाल्यावर बोलून दाखवली. "लागला नंबर तर पोरगी घोटला जाईन. मग घरचं कोण पायते? अन् धाकट्याले कोण शिकवते?" मी म्हटले, घरचे तुम्ही दोघे पाहा. धाकट्याचे मी पाहतो.

तेव्हापासून रविवारी सकाळी नऊ वाजता विहारात एक सतरंजी टाकतो. पहिल्या रविवारी ही दोघेच होती, आता नऊ लेकरे येतात. शिकवतो असे म्हणवत नाही, कारण निम्मे मलाच येत नाही. गेल्या रविवारी थोरलीने विचारले, "काका, चार अंकी घेतलं तं ६१७४ येते. तीन अंकी घेतलं तं काय येते?" मी म्हटले, करून पाहा. सगळ्यांनी वेगवेगळ्या संख्या घेतल्या. थोड्या वेळाने एका कोपऱ्यातून आवाज आला, ४९५. मग दुसऱ्या कोपऱ्यातून, माझेही ४९५. दोन अंकी घेतले तर मात्र कुठेच थांबेना, नऊच्या पाढ्यातच गोल गोल फिरत राहिले. ते का, यावर वाद सुरू झाला आणि जेवणाची वेळ टळून गेली.

नवोदयची परीक्षा हिवाळ्यात आहे.